जंप स्टार्टर घ्यायचा की बॅटरी चार्जर? खान्देशातल्या नव्या गाडीवाल्यांसाठी

डिसेंबरातली पहाट होती. माहेरी, फैजपूरला, आमची गाडी १८ दिवस अंगणात उभी होती आणि त्या दिवशी धुळ्याला मामेभावाच्या लग्नाला निघायचं होतं. किल्ली फिरवली तर नुसतं टक टक टक. शेजारच्या काकांनी त्यांची जीप जवळ आणली, जंपर केबल जोडली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाऊण तासाने भुसावळला मावशीला घ्यायला थांबलो तेव्हा मी सवयीने गाडी बंद केली. पाच मिनिटांत मावशी आहेराच्या पिशव्या घेऊन मागे बसली, मी किल्ली फिरवली, आणि पुन्हा तेच टक टक टक. धुळ्याला पोचलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत बसत होती.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी जंप स्टार्टर घेतला, चार्जर घेतला, एक जंप स्टार्टर उन्हाने घालवला, आणि बॅटरीवाल्यांकडे, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासन्‌तास बसून प्रश्न विचारले. दुकानात या दोन्ही वस्तू शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात. दोघांनाही लाल-काळे चिमटे असतात, म्हणून नवा माणूस दोन्ही एकच समजतो आणि एक घेऊन दुसऱ्याच्या कामाची वाट बघत बसतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. दोघांचं काम वेगळं आहे, ते आधी समजून घ्या

शेतातल्या पंपाने पाणी सोडलं की आपण वरून बादलीभर पाणी ओततो आणि पंप धरतो. त्या बादलीने विहीर भरत नाही. विहीर भरते ती रात्रभर झिरपणाऱ्या झऱ्याने. जंप स्टार्टर म्हणजे ती बादली, आणि चार्जर म्हणजे तो झरा.

सेल्फची मोटर फिरवायला दोन-तीन सेकंदांसाठी खूप मोठा करंट लागतो. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण १०० ते २०० अँपिअर, आणि डिझेलला त्याच्या दुप्पट किंवा जास्त, कारण डिझेल इंजिनात दाब मोठा असतो. जंप स्टार्टरमधली लिथियम बॅटरी हा करंट तेवढ्यापुरता देते. चार्जर मात्र घरच्या विजेवर चालतो, तासन्‌तास थोडा थोडा करंट देतो आणि बॅटरी पुन्हा भरतो. साध्या ४-५ अँपिअरच्या चार्जरने सेल्फ लागत नाही, तसा प्रयत्नही करू नका.

एक हिशोब मांडून दाखवते, मग शंका राहणार नाही. जंप स्टार्टरवर १२,००० एमएएच असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२,००० एमएएच म्हणजे १२ अँपिअर-तास, आणि १२ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ४४ वॅट-तास. तुमच्या छोट्या गाडीची ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ४२० वॅट-तास. अख्खा जंप स्टार्टर तिच्यात रिकामा केला तरी ती जेमतेम दहावा हिस्सा भरेल. भुसावळला माझी गाडी पुन्हा बंद पडली त्याचं कारण यातच आहे: काकांच्या जीपने सेल्फ मारून दिला होता, बॅटरी भरून दिली नव्हती.

२. बॅटरीच उतरली आहे ना, ते बघा

सगळ्यात आधी मल्टिमीटर घ्या. जळगावला इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. माझ्या मते जंप स्टार्टर आणि चार्जर या दोन्हींच्या आधी ही वस्तू घरात यायला हवी. तो नसला तर तुम्ही अंदाजाने पैसे खर्च करत राहाल.

गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सुरू करण्यापूर्वी मोजा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी प्लसला, काळी मायनसला.

- १२.६ ते १२.७ व्होल्ट: बॅटरी पूर्ण भरलेली
- १२.४ च्या आसपास: पाऊण भरलेली
- १२.२ च्या आसपास: अर्धी
- १२.० : पाव राहिली आहे
- ११.८ च्या खाली: उतरली

आता घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि काड्या तशाच धरून आकडा बघा. आकडा क्षणभर खाली जाणारच. तो ९.६ च्या खाली गेला, आणि बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. मग गाडी सुरू ठेवून मोजा. साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. गाडी चालू असूनही १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर दोष अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राकडे, किंवा त्याच्या पट्ट्याकडे असू शकतो. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून एकदा दिवे आणि एसी लावूनही मोजा. अल्टरनेटरच चार्ज करत नसेल तर कितीही चांगला चार्जर आणा, दोन दिवसांनी तीच रड. गाडी सरळ ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.

आणि मोजण्याच्याही आधी बॉनेट उघडून टर्मिनल बघा. त्यावर पांढरं-निळसर फूल धरलं असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर बॅटरी चांगली असूनही सेल्फ लागत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते धुवा, कोरडं करा, दहाच्या पान्याने घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. क्लॅम्प काढावा लागला तर आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. चोपड्यात आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याची गाडी या एवढ्याशा कामाने सुरू झाली. ते नवी बॅटरी घ्यायला निघाले होते.

३. तुमच्या गाडीची बॅटरी कोणती, ते वाचून ठेवा

बॅटरीवर लिहिलेलं असतं. छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुधा ३५ एएच, डिझेलच्या मोठ्या गाड्यांना ६० ते ७० एएच किंवा जास्त. बॅटरी पाणी घालायची, झाकणं असलेली आहे की बंद, तेही बघा. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणारी गाडी असेल तर तिच्यात बहुधा ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिला चार्जरवर वेगळं बटण लागू शकतं, आणि बदलतानाही त्याच प्रकारची घ्यावी लागते. काही गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली नसते, डिकीत किंवा सीटखाली असते. तिथे पुस्तिकेत दाखवलेल्या खुणेलाच चिमटे लावायचे.

बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट आजच करा. रिमोटच्या आत एक साधी धातूची किल्ली दडवलेली असते, ती काढून दार उघडून बघा. बॅटरी पूर्ण गेली की रिमोटने दार उघडत नाही, आणि जंप स्टार्टर गाडीच्या आत असला तर तो बाहेरून नुसता दिसत राहतो.

४. आधी काय घ्यायचं?

सगळ्यांना एकच उत्तर देता येणार नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: गाडी जिथे उभी राहते तिथपर्यंत विजेचा बोर्ड पोचत असेल तर आधी चार्जर घ्या. खान्देशात गाडी बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ती उभी राहणं. सून-मुलगा पुण्याला, गाडी गावी. केळी काढणीच्या दिवसांत घरातले सगळे शेतात, आणि गाडी दोन आठवडे जागची हलत नाही.

गाडी बंद असली तरी तिचं घड्याळ, अलार्म, संगणक थोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत हे चालण्यासारखं मानतात. पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच. १५ दिवसांत १८ एएच, म्हणजे ३५ एएचच्या बॅटरीतली निम्मी गेली. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएस ट्रॅकर कायम जोडलेला असेल तर आठवडाही पुरत नाही. माझ्या गाडीत डॅशकॅमच होता, आणि तो मी दिवसरात्र चालू ठेवला होता.

गाडी गल्लीत, दूरच्या मैदानात किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या घरापासून लांब उभी राहत असेल तर चार्जरची वायर तिथे पोचणार नाही. मग आधी जंप स्टार्टर. तोरणमाळ, पाल, पद्मालय अशा ठिकाणी वारंवार जाणाऱ्यांनी, कन्नडचा घाट रात्री-अपरात्री चढणाऱ्यांनी, आणि ज्या घरातली बाई किंवा म्हातारी माणसं एकटी गाडी घेऊन निघतात त्यांनीही तो जवळ ठेवावा. मी स्वतः रोज चोपड्यापासून आत खेड्यातल्या शाळेत जाते. रस्त्यात पाच-पाच किलोमीटर गॅरेज नाही. माझ्याकडे आता दोन्ही आहेत.

जवळ काय काय असावं, ते एकदा सांगून टाकते:

- डिजिटल मल्टिमीटर
- ३५ ते ६५ एएचच्या बॅटरीला चालेल असा १२ व्होल्टचा ऑटोमॅटिक चार्जर
- जंप स्टार्टर किंवा निदान जाड तांब्याच्या जंपर केबल
- दहाचा पाना, रबरी हातमोजे, साधा चष्मा, टॉर्च
- बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड, गाडीची पुस्तिका, आरसीची झेरॉक्स
- विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर त्याचा फोन नंबर, कागदावर लिहिलेला

हे शेवटचं खूप जण विसरतात. विम्याबरोबर थोडे जास्त पैसे भरून ती सोय घेतलेली असते, आणि रस्त्यावर ती कुणाला आठवत नाही.

५. जंप स्टार्टर घेताना फसण्याच्या जागा

पहिली जागा म्हणजे ‘पीक’ अँपिअर. डब्यावर १००० किंवा २००० लिहिलेलं असतं, पण तो आकडा क्षणाच्या एका तुकड्यापुरता असतो. सेल्फ फिरत असताना तो टिकत नाही. आतल्या पानावर ‘स्टार्टिंग करंट’ वेगळा दिलेला आहे का ते शोधा, आणि पेट्रोल किती लिटरपर्यंत, डिझेल किती लिटरपर्यंत हे वाचा. डिझेल गाडीसाठी पेट्रोलपुरता डबा घेतलात तर तो अगदी हव्या त्या वेळी हात टेकतो.

दुसरी जागा चिमट्यांची. चिमट्यांच्या वायरवर एक छोटी पेटी असते. तिच्यात उलटसुलट जोडणी, शॉर्ट आणि उलटा करंट यांपासून संरक्षण असतं. हलक्या प्रतीच्या संचांत ती पेटी नसते, नुसत्या दोन वायरी असतात. असा संच घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

तिसरी गोष्ट, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक डब्यावर शोधा. लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ हे भारतीय मानक आहे. ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही असा डबा घरात, मुलांच्या हाताशी चार्जिंगला लावणं मला पटत नाही.

टायरमध्ये हवा भरायचा पंप, टॉर्च, मोबाइल चार्जिंग या जादा सोयी चांगल्या आहेत. पण मोबाइल चार्ज करून करून डबा रिकामा झालेला असतो आणि मग सेल्फ लागत नाही, हेही मी पाहिलं आहे. यात्रेला निघताना मुलांना आधीच सांगून ठेवा.

६. जंप स्टार्टरने गाडी सुरू करताना

आधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. गळ्यातलं लांब असेल तर आत खोचा. प्लस टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातू आला की तो क्षणात लाल होतो आणि कातडी भाजते. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर इथेच थांबा. तिला जंपही करायचं नाही, चार्जही करायचं नाही.

१. गाडीचे दिवे, एसी, टेप सगळं बंद. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर.

२. चिमट्यांची वायर आधी डब्यात नीट बसवा.

३. प्लसची खूण पुसट झालेली असते, घाईत अंदाज करू नका. टॉर्च लावून बघा. लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला किंवा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. तुमच्या डब्याची पुस्तिका जे सांगते ते करा.

४. पेटीवर हिरवा दिवा लागला तरच पुढे जा. लाल दिवा किंवा आवाज आला तर जोडणी उलटी आहे.

५. सेल्फ ३ ते ५ सेकंदच मारा. नाही लागला तर अर्धा मिनिट थांबा. तीन प्रयत्नांनंतर डबा आणि सेल्फची मोटर दोन्ही तापतात, तेव्हा थांबलेलं बरं.

६. गाडी सुरू झाली की अर्ध्या मिनिटाच्या आत चिमटे काढा, आधी काळा, मग लाल.

बॅटरी अगदीच रिकामी असेल तर पेटीला ती दिसतच नाही आणि हिरवा दिवा लागत नाही. अशा वेळी ‘बूस्ट’ बटण दाबायचं असतं. पण ते दाबलं की बऱ्याच डब्यांत उलट्या जोडणीचं संरक्षण बंद पडतं. म्हणून बूस्ट दाबण्याआधी प्लस-मायनस तिसऱ्यांदा तपासा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी गाडीच्या संगणकाचा मोठा खर्च वाचेल.

जंप स्टार्टर नसेल आणि दुसऱ्या गाडीवरून केबल लावायची असेल तर क्रम असा: लाल केबल बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडते ती शेवटच्या जोडणीला, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन वायू असू शकतो. काढताना बरोबर उलट्या क्रमाने.

आता भुसावळची राहिलेली गोष्ट. महामार्गाच्या कडेला आम्हाला उभं बघून एक ट्रकवाला दादा थांबला. मनाने खूप चांगला माणूस. केबल काढली, लावायला निघाला. तेवढ्यात शेजारच्या टायरच्या दुकानातले म्हातारे बाबा लगबगीने आले. “ताई, ट्रकनी बॅटरी चोवीसनी ऱ्हास. तुमनी गाडीले नका लावू.” ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते कारला लावले तर संगणक, दिवे, सेन्सर, काय काय जळेल सांगता येत नाही. आपल्याकडे सुरत-नागपूर महामार्गावर सगळ्यात आधी मदतीला थांबतो तो ट्रकवालाच, म्हणून हे ठळक सांगते: ट्रक किंवा बसवरून कारला कधीही जंप घेऊ नका. ट्रॅक्टरची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टची असते. तिच्यावरून घेता येतं, पण आधी मल्टिमीटरने मोजून. बाबांनी त्या दिवशी त्यांच्या दुकानातल्या १२ च्या सुट्या बॅटरीवर गाडी सुरू करून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

धक्का मारून सुरू करणं? हाताच्या गिअरची गाडी असेल आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर होऊ शकतं. ऑटोमॅटिक गाडीला ते लागू नाही. बॅटरी पूर्ण गेलेल्या नव्या गाडीत फ्युएल पंप आणि संगणकालाच वीज नसते, मग दहा माणसांनी ढकलूनही उपयोग होत नाही.

७. गाडी सुरू झाली, आता ती बंद करू नका

सरळ घरी किंवा बॅटरीवाल्याकडे. वाटेत चहाला थांबायचं असेल तरी इंजिन चालू, आणि एक माणूस गाडीत. एसी आणि त्याचा पंखा शक्य तेवढा बंद, म्हणजे अल्टरनेटरची वीज बॅटरीकडे जाईल.

अर्धा-पाऊण तास चालवली की बॅटरी भरते हा समज पक्का बसलेला आहे. चालती बॅटरी भरलेली राखणं हे अल्टरनेटरचं काम. पूर्ण उतरलेली बॅटरी त्याच्याकडून भरून घ्यायला लांबचा प्रवास लागतो, त्यात तो तापतो, आणि तरीही बॅटरी पुरती भरत नाही. अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात, मग ती पुढे कधीच पूर्ण भरत नाही. म्हणून त्याच रात्री चार्जर लावा. आठवडाभराने लावू म्हणालात तर बॅटरीचं आयुष्य हातचं गेलं.

८. चार्जर कसा निवडायचा आणि कसा लावायचा

आपल्या भागात अजून जुने, जड, ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर चालतात. ते वाईट नाहीत, पण बॅटरी भरल्यावर आपणहून थांबत नाहीत. रात्रभर विसरलात तर पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतात. घरासाठी ऑटोमॅटिक चार्जरच घ्या. तो आधी जास्त करंट देतो, मग हळूहळू कमी करतो, आणि शेवटी नुसतं राखत बसतो.

करंट किती? बॅटरीच्या एएचचा दहावा भाग, हा जुन्या बॅटरीवाल्यांचा हिशोब अजूनही चांगला आहे. ३५ एएचला ३.५ ते ४ अँपिअर, ६५ एएचला ६ ते ६.५. निम्मी उतरलेली ३५ एएचची बॅटरी ४ अँपिअरने भरायला ७-८ तास धरा, कारण शेवटचा टप्पा हळू असतो.

आपल्याकडे वीज जाते-येते. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: “वीज जाऊन आली की हा आपणहून सुरू होतो का, की बटण दाबावं लागतं?” बटण दाबावं लागणारा चार्जर रात्री ११ ला लावला, १२ ला वीज गेली, १ ला आली, तर सकाळी बॅटरी तशीच असते. आणि चार्जरवर ६, १२, २४ व्होल्टचा खटका असेल तर तो १२ वरच आहे ना, हे दर वेळी बघा.

लावायचा क्रम: गाडी बंद, किल्ली बाहेर. बॉनेट उघडं. लाल चिमटा प्लसला, काळा इंजिनच्या लोखंडाला. हे झाल्यावरच भिंतीवरचं बटण चालू. काढताना आधी भिंतीवरचं बटण बंद, मग काळा, मग लाल. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत किंवा धान्याच्या कोठीत बॅटरी ठेवू नका, आणि आसपास बिडी, उदबत्ती, दिवा नको. अंगण ओलं असेल, पावसाळ्याची भुरभुर असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर टाकू नका. तीन पिनांची, अर्थिंग असलेलीच वायर वापरा.

पाणी घालायच्या बॅटरीत प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल वॉटर आधी घाला. बाकीचं चार्ज झाल्यावर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, आतलं ॲसिड उडून जात नाही, पाणी उडतं. डोळ्यात थेंब उडाला तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

घरच्या इन्व्हर्टरला कारची बॅटरी जोडून भरायची पद्धत खेड्यांत बरीच दिसते. इन्व्हर्टर १५० एएचच्या बॅटरीच्या मापाने करंट देतो. तो ३५ एएचच्या बॅटरीला झेपत नाही, ती तापते, पाणी उडतं. ते करू नका.

चार्जर लावूनही तो ‘बॅटरी नाही’ असं दाखवत असेल तर बॅटरी फारच खाली गेली आहे, चार्जरला ती दिसत नाही. बॅटरीवाल्याकडे न्या, ते हळू करंटवर वर आणून बघतात. माझी बॅटरी तशीच वर आली आणि पुढे १४ महिने चालली.

९. आपल्या उन्हाळ्याचं काय करायचं

बॅटरी दगा देते थंडीत, म्हणून आपण थंडीला दोष देतो. खरं नुकसान त्याआधीच्या उन्हाळ्यात झालेलं असतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेगाने होते, प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडतं. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, असा बॅटरीवाल्यांचा ढोबळ हिशोब आहे. पावसाळ्यात ती कशीबशी निभावते. मग धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरला की इंजिन ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि थकलेली बॅटरी त्या सकाळी उघडी पडते. म्हणून दिवाळीच्या सुमारास, भरताच्या पार्ट्या आणि सारंगखेड्याची यात्रा सुरू होण्याआधी, एकदा मल्टिमीटर लावा आणि रात्रभर चार्ज करा. उन्हाळ्यात पाणी घालायची बॅटरी महिन्यातून एकदा उघडून बघा. गाडी निंबाखाली, शेडखाली, कुठेही, पण सावलीत.

जंप स्टार्टरला ऊन आणखी वाईट. बंद गाडीत डॅशबोर्डवर ६०-७० अंश सहज होतात. माझा पहिला जंप स्टार्टर मी मे महिन्यात शाळेच्या आवारात समोरच्या काचेखाली ठेवला होता. सुट्टी लागली तेव्हा तो फुगलेला होता, झाकण वर आलेलं. लिथियमची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती चार्ज करायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. आता उन्हाळ्यात माझा डबा माझ्या पर्सबरोबर घरात, वर्गात येतो. डिकीत ठेवावाच लागला तर सीटच्या मागे, खाली, जाड कापडात, आणि गाडी सावलीत. दर तीन महिन्यांनी तो भरून ठेवा. मी १ तारखेला दूधवाल्याचा हिशोब करते त्याच दिवशी त्याचा दिवा बघते.

सुपरकॅपॅसिटरचे जंप स्टार्टरही मिळतात. त्यांत लिथियम नसतं. ते गाडीच्या उरल्यासुरल्या करंटवरून काही मिनिटांत भरून घेतात आणि मग एकदम सोडतात. ऊन त्यांना जास्त सोसतं. पण महाग असतात, आणि गाडीची बॅटरी पूर्ण कोरडी असेल तर त्यांना भरायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

१०. आणि बदलायचीच वेळ आली तर

पूर्ण चार्ज करून चार्जर काढा, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.४ च्या खाली आली असेल, किंवा सेल्फला ९.६ च्या खाली जात असेल, तर ती बदला. तिला रोज जंप देत राहिलात तर सेल्फची मोटर आणि अल्टरनेटरही खराब कराल.

घेताना बॅटरीवरचा बनवल्याचा महिना विचारा, दुकानात सहा-आठ महिने पडून असलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख, गाडीचा नंबर आणि शिक्का तिथेच भरून घ्या. वॉरंटीचे दोन भाग असतात: काही महिने पूर्ण बदलून मिळते, त्यानंतर फक्त किमतीत सूट मिळते. दोन्ही आकडे कार्डावर वाचून घ्या. माझ्या पहिल्या कार्डावर दुकानदाराने तारीख टाकली नव्हती आणि मला काहीच मिळालं नाही.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला दारात देऊ नका. तिच्यात शिसं आणि ॲसिड असतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानदार तिची किंमत नव्या बिलातून वजा करतो. ती वजावट बिलावर लिहून घ्या. नवी बॅटरी बसल्यावर घड्याळ, रेडिओ आणि काचांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागते. कशी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दुकानातून निघण्याआधी गाडी चालू ठेवून मल्टिमीटर लावा आणि १४ च्या आसपास आकडा दिसतो ना, ते बघूनच घरी या.